भारमान

आमच्या घरात दोन गाड्या जेवायला येतात.
एक लाल, पाटण डेपोची. तिची मी कंडक्टर.
एक पांढरी, वडापची. तिचा जालिंदर मालक,
ड्रायव्हर, क्लीनर, आणि ओरडणाराही तोच:
ढेबेवाडी, ढेबेवाडी, दोन सीट, दोनच सीट!
दोन म्हणजे अजून पाच, हे साऱ्या स्टँडला पाठ.

तो म्हणतो, हात केला की मी थांबतो.
बांधावर, पाणंदीच्या तोंडाशी,
म्हातारीचा गुडघा म्हणेल तिथं.
तुझी गाडी स्टॉप सोडून पन्नास पावलं पुढं जाते
आणि लोक पिशव्या सावरत पळतात,
जशी काही शर्यत सरकारनंच लावलीय.

खरं आहे ते.

मी म्हणते, तुझी भरल्याशिवाय सुटत नाही.
माझी रिकामी असली तरी सुटते,
सहा दहा म्हणजे सहा दहा.
तो म्हणतो, म्हणूनच बुडते.
यावर मला उत्तर येत नाही असं नाही,
पण भाकरी तव्यावर असते.

डेपोत एक शब्द आहे, भारमान.
जागा किती, बसले किती, भागा, शंभरनं गुणा.
वाघजाईवाडीची फेरी: एकतीस टक्के.
साहेबांनी एकतिसाला लाल गोल केला.
त्या गोलात कॉलेजच्या सात पोरी आहेत,
दवाखान्यातला कंपाउंडर,
आणि सुगंधा झोरे, आठवड्यातून दोनदा
पाटणला उतरून पुढं कराडला जाते,
रक्त धुऊन घ्यायला.
खिडकीला डोकं टेकून झोपते सगळी वाट.
भारमानात ती एकच सीट धरतात.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात
दिवशी घाटात क्लचप्लेट गेली.
संध्याकाळ. फोनला रेंज नाही.
समोरच्या सड्यावर पवनचक्क्या फिरत होत्या,
त्यांना कुणाची वाट बघायची नव्हती.
तासाभरानं खालून दोन दिवे आले.
जालिंदर.

पोरी चढल्या. त्यानं हात पुढं केला, वीस-वीस.
पोरींनी पास दाखवले.
तो म्हणाला, पास म्हणजे सरकारचा शब्द, बाळांनो.
माझं इंजिन शब्द पीत नाही.
मी माझ्या पाकिटातून एकशे चाळीस काढले.
त्यानं मोजून घेतले.
मग माझ्याकडं बघितलं.
तुझे?
म्हटलं, घरच्या माणसाला सूट नाही?
म्हणाला, सूट दिली तर पतसंस्थेचा हप्ता
तूच भरशील पगारातून.
वीस अजून दिले.

रात्री ते एकशेसाठ
चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात पडले,
जिथून सकाळी मी ते उचलले होते.
आम्ही दोघंही हसलो. मी जरा कमी.

गेल्या महिन्यात डेपोत नव्या गाड्या आल्या.
भाड्याच्या. नाव आपलं, रंग आपला,
चाकं कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा,
घंटी तेवढी माझी.
जालिंदर म्हणाला, बघ, शेवटी वडापच केली ना तुमची!
मी त्याला करार सांगितला.
किलोमीटरमागं पैसे. ठरलेले.
गाडी भरो, न भरो.

त्याचा घास हातातच राहिला.
रिकामी पळाली तरी?
रिकामी पळाली तरी.
आणि तोटा?
तो आपला.

बराच वेळ तो ताटातलं मीठ बोटानं सारत बसला.
मग म्हणाला,
असला धंदा मला कुणी का देत नाही गं?

नंतर हात धुताना विचारलं,
त्या गाड्या वाघजाईवाडीला जातात का?
नाही, म्हटलं. पुण्याला.

परवा सहा दहाला सुगंधा एकटीच होती.
मशीननं तिचं अर्धं तिकीट सोडलं.
तिनं ते घडी करून बांगडीत खोचलं,
खिडकीला डोकं टेकलं.
मी दोनदा घंटी मारली.
ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं,
एकच?
एकच, म्हटलं. चल.